लेआ, मीखल, रूथ: 'चांगली बायको, वाईट बायको' याच्या पुढे जाऊन कसं वाचायचं?

ओंजळ (प्रश्न)

नमस्कार. आमच्या अभ्यासगटात पुढचे चार आठवडे हिब्रू शास्त्रातल्या स्त्रियांची लग्नं हा विषय घेतला आहे. पहिल्या आठवड्यात लाबानाच्या मुली आणि याकोबाच्या बायका लेआ आणि राहेल (उत्पत्ती २९ ते ३१), दुसऱ्यात शौल राजाची मुलगी आणि दावीदाची बायको मीखल (१ शमुवेल १८, १९, २५ आणि २ शमुवेल ३, ६), तिसऱ्यात रूथचं अख्खं पुस्तक. चौथा आठवडा अजून मोकळा आहे.

अडचण अशी की चर्चा दर वेळी एकाच वळणावर जाऊन थांबते. रूथ आज्ञाधारक म्हणून चांगली, तिची जाऊ अर्पा माघारी गेली म्हणून कमी. लेआ बिचारी, राहेल मत्सरी. मीखल गर्विष्ठ, म्हणून तिला मूल झालं नाही. असे शिक्के मारून झाले की लोक पान उलटतात. मजकुरात याहून पुष्कळ काही आहे हे जाणवतं, पण नेमकं कुठे थांबवून विचारायचं ते सुचत नाही.

विचारायचं आहे ते असं:

१. लग्न नेमकं कशाने होत असे? देज कोण कोणाला देई? मुलीला विचारत का? लग्न मोडायचा अधिकार कोणाकडे?
२. राहेलसाठी याकोब चौदा वर्षं थांबला असं सगळे सांगतात. हा हिशोब बरोबर आहे का?
३. मीखलचं दुसरं लग्न झालेलं असताना दावीदाने तिला परत कसं नेलं? अनुवाद या पुस्तकाचं २४ वं प्रकरण तर उलटं सांगतं.
४. रूथ ४ मधला जोडा काढायचा विधी आणि अनुवाद २५ मधला विधी एकच आहे का?
५. चौथ्या आठवड्याला काय घ्यावं?

जुनं_पान

पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो. मीखल आणि रूथबद्दल इथे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे आहेत.

गटाला एक सवय लावा. कोणत्याही लग्नाचा उतारा वाचताना बाईचा स्वभाव कसा होता हे शेवटी ठरवायचं. आधी हे शोधायचं की देज कोणी दिलं, ते कोणाच्या हातात पडलं, लग्नानंतर तिला खायला घालायची जबाबदारी कोणावर आली, आणि या सगळ्यात ती स्वतः किती वेळा बोलली. एवढं कागदावर आलं की निम्मे शिक्के आपोआप गळून पडतात.

देज वराकडून मुलीच्या बापाला जाई. ते चांदीतच असावं असं नव्हतं. याकोबाने सात वर्षं राबून दिलं, दावीदाने लढाईतून, आणि अथनिएलाने एक नगर जिंकून अखसेला मिळवलं (शास्ते १:१२-१३). ५० शेकेल चांदी हा आकडा अनुवाद २२:२९ मध्ये येतो आणि लोक तो सरसकट 'दर' म्हणून सांगतात. तसं करू नका. तो आकडा वाग्दत्त नसलेल्या मुलीवर हात टाकणाऱ्याने तिच्या बापाला भरायचा आहे, आणि त्याच वचनात तिला जन्मभर सोडायची त्याला बंदी आहे. रोजच्या लग्नांचा भाव त्यावरून काढता येत नाही. होशेय ३:२ मध्ये होशेय १५ शेकेल आणि दीड होमर सातू मोजतो, पण तिथे तो बायकोला परत आणतोय, नवं लग्न करत नाही.

दुसऱ्या बाजूने बापाकडून मुलीबरोबर आंदण जाई. लाबानाने लेआला जिल्पा आणि राहेलला बिल्हा या दासी दिल्या त्या अशा. अखसेने बापाकडून जमिनीबरोबर पाण्याचे झरे मागून घेतले. देज ठरलं की मुलगी वाग्दत्त झाली, आणि तिथपासूनच कायद्याने ती त्या पुरुषाला बांधलेली (अनुवाद २२:२३-२४). सासरी जाणं नंतर.

संमतीबद्दल लोक रिबकेचं उदाहरण देतात: तू या माणसाबरोबर जाशील का, असं तिला विचारलं (उत्पत्ती २४:५८). ज्यू परंपरेने, विशेषतः राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने, या प्रसंगावरून मुलीची संमती हवी असा नियम काढला आहे. पण क्रम बघा. भाऊ आणि बाप २४:५१ मध्येच होकार देऊन मोकळे झाले आहेत, दागिने ५३ मध्ये दिले गेले आहेत. तिला विचारतात ते लगेच निघायचं की दहा दिवस थांबायचं एवढंच. दोन्ही गोष्टी गटासमोर ठेवा.

सोडचिठ्ठी: अनुवाद २४:१ प्रमाणे नवरा सूटपत्र लिहितो, तिच्या हातात देतो आणि तिला घराबाहेर पाठवतो. तिन्ही क्रिया पुरुषाच्या. बायकोने लग्न मोडायची तरतूद तोरामध्ये (शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत) एका कोपऱ्यात सापडते, निर्गम २१:१०-११ मध्ये. विकत आणलेल्या बायकोवर नवऱ्याने दुसरी केली आणि पहिलीचं अन्न, वस्त्र किंवा शय्येचा हक्क तोडला, तर ती काही न भरता मोकळी. शास्त्राबाहेर मात्र एक महत्त्वाचा पुरावा आहे. ईजिप्तमधल्या एलिफंटाईन बेटावर ज्यू वसाहत होती. तिथले इ.स.पू. ५व्या शतकातले पपायरसवरचे विवाहकरार मिळाले आहेत आणि त्यांत बायकोलाही सभेसमोर उभं राहून लग्न मोडायचा हक्क दिलेला आहे. तेव्हा 'त्या काळी बाईला हा हक्क नव्हताच' असं सरसकट विधान कोणी केलं तर तिथे थांबवा.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे कतुबा, म्हणजे कुमारिकेला २०० जुज आणि विधवेला १०० हा लेखी हक्क, लोक याकोबाच्या किंवा रूथच्या काळात नेऊन ठेवतात. तो मिश्ना या ज्यू कायद्याच्या संग्रहातला आहे, कित्येक शतकं नंतरचा.

आता चौदा वर्षं. उत्पत्ती २९:२७-३० सावकाश वाचा. लाबान म्हणतो, हिचा (लेआचा) आठवडा पुरा कर, मग तीही (राहेलही) तुला देतो, तिच्याबद्दल आणखी सात वर्षं चाकरी कर. याकोब आठवडा पुरा करतो आणि राहेल त्याला मिळते. म्हणजे लग्नाआधी सात वर्षं, मग एक आठवडा, आणि पुढची सात वर्षं आधीच मिळालेल्या बायकोचं कर्ज फेडण्यात. हिशोब एवढ्यासाठी महत्त्वाचा की लेआकडून तो वाचला पाहिजे. नवरा फक्त तिचा असा तिला एकच आठवडा मिळाला, तोही लाबानाने घातलेल्या अटीपुरता.

लाबानाने राहेलऐवजी लेआला याकोबाकडे पाठवलं त्या रात्रीबद्दल दोन गोष्टी मजकुरात नाहीत आणि चर्चेत हमखास घुसतात. पहिली म्हणजे बुरखा: २९:२३ मध्ये बुरखा नाही, संध्याकाळ आहे. बुरखा रिबकेच्या गोष्टीत आहे (२४:६५). दुसरी म्हणजे लेआ या फसवणुकीत सामील होती हे गृहीतक. तिचं मत मजकूर देत नाही. बापाने तिला नेलं आणि आत घातलं, एवढंच आहे.

पुढे मुलांची नावं ठेवताना ती जे बोलते ते एका ओळीत मांडून वाचा (२९:३२-३५). रऊबेन: आता नवरा माझ्यावर प्रेम करील. शिमोन: मी नावडती आहे हे परमेश्वराने ऐकलं. लेवी: आता तरी नवरा माझ्याशी जडून राहील. चौथ्या वेळी, यहूदाच्या वेळी, नवऱ्याचा उल्लेखच नाही, नुसती परमेश्वराची स्तुती. बहुतेक प्रवचनं इथे आनंदाने थांबतात. थांबू नका. ३०:२० मध्ये सहाव्या मुलाच्या वेळी ती पुन्हा म्हणते, आता नवरा माझ्यापाशी राहील. आशा सुटलेली नाही. त्याच्या जरा आधी, ३०:१४-१६ मध्ये, मुलाने शेतातून आणलेली मँड्रेकची फळं (मूल होण्यासाठी उपयोगी मानली जाणारी) राहेलला देऊन ती याकोबाची एक रात्र विकत घेते. बापाने ज्याला मजुरीवर ठेवलं, त्याला लेक एका रात्रीसाठी मजुरीवर घेते. त्याच प्रकरणात राहेल म्हणते, मला मुलं दे नाही तर मी मरेन (३०:१). शेवटी ती मरते ती बाळंतपणातच (३५:१६-१९). कोणाचं दुःख मोठं हे मजकूर तोलत नाही, आपणही तोलू नये.

आणि काही झालं तरी ३१:१४-१६ गाळू नका. दोघी बहिणी एका आवाजात बोलतात अशी ही एकच जागा, आणि त्या बोलतात पैशाबद्दल: बापाने आम्हाला परक्यांसारखं विकलं आणि आमच्या बदल्यात आलेलं सगळं खाऊन टाकलं. देजातलं काहीतरी मुलीच्या पाठीशी राहावं ही अपेक्षा होती, लाबानाने ते गिळलं. इतकी वर्षं एकमेकींशी झगडणाऱ्या दोघींना आपला खरा देणेकरी कोण हे बरोबर ठाऊक होतं. लाबानालाही ते कुठेतरी टोचलं असावं, कारण ३१:५० मध्ये तोच याकोबाकडून करार करून घेतो की माझ्या मुलींना छळणार नाहीस आणि त्यांच्यावर दुसऱ्या बायका करणार नाहीस.

जाता जाता: सख्ख्या बहिणी एकाच वेळी करायला लेवीय १८:१८ बंदी घालतं, आणि आवडती-नावडती अशा दोन बायका असतील तर नावडतीच्या थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा काढून घ्यायला अनुवाद २१:१५-१७ बंदी घालतं. लेआच्या घराचा इतिहास ज्यांच्या कानांवर होता त्यांना हे नियम कोरडे वाटले नसणार. शेवटी मखपेलाच्या गुहेत, घराण्याच्या कबरीत, याकोबाशेजारी लेआ आहे (४९:३१), राहेल एफ्राथाच्या वाटेवर.

मीमांसा

मीखलचं मी घेते. आधी कायद्याचा मुद्दा.

अनुवाद २४:१-४ ची अट नीट पाहा. पहिल्या नवऱ्याने सूटपत्र देऊन पाठवलं, मग तिने दुसरा केला, तो मेला किंवा त्याने सोडलं, तर पहिल्याने तिला परत घ्यायचं नाही. दावीदाने मीखलला कधी सूटपत्र दिलंच नाही. तो जीव वाचवायला पळाला आणि मागे शौलाने तिला गल्लीमच्या लईशाचा मुलगा पालती याला देऊन टाकली (१ शमुवेल २५:४४). दावीदाच्या बाजूने पाहिलं तर पहिलं लग्न अबाधित आणि दुसरं मुळात बेकायदा. म्हणून तो शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याच्याकडे मागणी करतो ती देजाचा हवाला देऊन: पलिष्ट्यांच्या शंभर अग्रत्वचा देऊन केलेली माझी बायको मला द्या (२ शमुवेल ३:१४).

शौलाची बाजूही कल्पनेतली नाही. मेसोपोटेमियातल्या एश्नुन्नाच्या कायद्यात कलम २९ आणि ३० लागोपाठ आहेत. शत्रूने धरून नेलेला माणूस परत आला तर त्याला बायको परत मिळते. आपल्या नगराला आणि धन्याला विटून पळून गेलेला परत आला तर मिळत नाही. हम्मुराबीचं कलम १३६ असंच. हे इस्राएलाचे कायदे नाहीत, तेव्हा निकाल म्हणून वापरू नका. पण पळून गेलेल्या नवऱ्याचा हक्क संपतो हा विचार त्या प्रदेशात होता. राजाच्या नजरेत दावीद फरारी होता.

हिशोबातली एक तफावतही दाखवा. शौलाने १०० मागितल्या (१८:२५), हिब्रू मजकुराप्रमाणे दावीदाने २०० आणल्या (१८:२७), ग्रीक भाषांतरात तिथे १०० आहेत, आणि दावीद स्वतः नंतर १०० च म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. हिब्रू कथाभागात अमुक बाईचं अमुक पुरुषावर प्रेम होतं असं स्पष्ट विधान एकाच बाईबद्दल आहे, आणि ती मीखल (१८:२०, पुन्हा १८:२८). गीतरत्नात प्रेम आहे, पण ते काव्य. गोष्टींमध्ये पुरुष बायकांवर प्रेम करतात, आई मुलावर करते, सून सासूवर करते. बायकोचं नवऱ्यावर प्रेम फक्त इथे नोंदलं आहे. दावीदाचं तिच्यावर प्रेम होतं असं एकदाही नाही. तिच्या प्रेमाची बातमी लागताच बाप त्याचा सापळा करतो (१८:२१), दावीदाला राजाचा जावई होणं पसंत पडतं (१८:२६). हे सगळं नऊ वचनांत आहे.

१९:११-१७ मध्ये ती त्याला खिडकीतून खाली सोडते, पलंगावर गृहदेवतेची मूर्ती निजवते, उशाशी शेळीच्या केसांचं काहीतरी ठेवते, आणि बापाला सांगते की त्याने मला मारायची धमकी दिली. राजद्रोहच तो. गटात इथून पुढच्या प्रकरणांचा क्रम फळ्यावर लिहा, बाकी काही समजवावं लागणार नाही. २० मध्ये दावीद लपत-छपत तिच्या भावाला, योनाथानाला, भेटतो. २२:३-४ मध्ये आईबापांना सुरक्षित राहता यावं म्हणून मवाबाच्या राजाकडे पोहोचवतो. २५:४२-४३ मध्ये अबीगईल आणि अहीनवाम यांच्याशी लग्न करतो. मीखलला निरोप पाठवल्याचं कुठेही नाही. आणि लगेच पुढच्या वचनात, २५:४४ मध्ये, ती पालतीला दिली गेल्याची नोंद.

मग २ शमुवेल ३. हेब्रोनमध्ये दावीदाला सहा बायकांपासून सहा मुलगे झालेत (३:२-५), शौलाचा सेनापती अबनेर बाजू बदलायला तयार आहे, आणि दावीद अट घालतो की शौलाची मुलगी मीखल आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. 'शौलाची मुलगी' हे महत्त्वाचं, कारण तिच्यामुळे उत्तरेच्या वंशांवर हक्क सांगता येतो. तिला आणायला जातात तेव्हा तिला काय वाटलं ते लिहिलेलं नाही. तिचा नवरा पालती बहूरीमपर्यंत रडत मागे मागे चालत येतो, अबनेर म्हणतो माघारी जा, तो जातो. तिच्यासाठी कोणी रडलं अशी ही एकच नोंद. तल्मुद या ज्यू धर्मग्रंथाने (सन्हेद्रिन १९ब) पालतीची फार कदर केली आहे. त्यात म्हटलंय की त्याने दोघांच्या मध्ये तलवार रोवली आणि परक्याच्या बायकोला कधी स्पर्श केला नाही. मजकुरात हे नाही, पण त्याच्या रडण्याने पुढच्या वाचकांनाही अस्वस्थ केलं एवढं त्यातून दिसतं.

ओंजळ

खूप मदत झाली. पण २ शमुवेल ६ मध्ये तिचे शब्द बोचरे आहेतच की. गटात कोणीतरी हेच म्हणणार. ते कसं हाताळू?

मीमांसा

बोचरे आहेत, लपवू नका. दासींसमोर राजा उघडा नाचला हा टोमणा आहे. फक्त दावीदाचं उत्तरही तेवढ्याच मोठ्याने वाचा (६:२१): परमेश्वराने तुझ्या बापाला आणि त्याच्या घराण्याला बाजूला सारून मला निवडलं. हे ऐकणाऱ्या बाईचा बाप आणि तीन भाऊ गिलबोवा डोंगरावर पडलेत, चौथा भाऊ ईश-बोशेथ बिछान्यावर झोपलेला असताना मारला गेलाय (२ शमुवेल ४). त्या घराण्यातल्या उरलेल्या मोजक्यांपैकी ती एक आहे आणि तिच्या तोंडावर हे बोललं जातं.

६:२३ मध्ये मरेपर्यंत तिला मूल झालं नाही एवढंच आहे. 'म्हणून' नाही, परमेश्वराने गर्भ बंद केला असंही नाही. हन्नेच्या (शमुवेलाची आई) आणि राहेलच्या गोष्टींत गर्भ बंद करणं आणि उघडणं कोणाकडे हे सांगितलंय, इथे ती ओळ नाही. दावीद पुन्हा तिच्याकडे गेलाच नाही, हा अर्थ तितकाच बसतो. शिवाय शौलाच्या रक्ताचा वारस राजवाड्यात जन्मला नाही हे दावीदाच्या गादीच्या सोयीचंच होतं. शिक्षा म्हणणारा मजकुराबाहेर जातो, हे शांतपणे दाखवा.

कोणी २ शमुवेल २१:८ दाखवून विचारील की मग तिचे पाच मुलगे कुठून आले. प्रचलित हिब्रू प्रतींत तिथे मीखल आहे, काही हस्तलिखितांत तिची थोरली बहीण मेरब. ज्या अद्रिएलाचं नाव तिथे नवरा म्हणून येतं तो मेरबेचा नवरा (१ शमुवेल १८:१९), तेव्हा मेरब हाच पाठ जुळतो.

वेशीपाशी

जुनं_पान यांची व्यवहार आधी पाहायची पद्धत मला मान्य आहे, पण रूथच्या पुस्तकात ती एकटी पुरत नाही. तिथे व्यवहार चौथ्या प्रकरणात येतो, आणि तोवर जे घडलंय त्याला कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. निष्ठा पाहायची तर तिथेच.

अर्पेपासून सुरुवात करा. सासू नामी दोघी विधवा सुनांना एकच सांगते: आपापल्या आईच्या घरी जा, माझ्या पोटी आता मुलगे नाहीत, झाले तरी ते मोठे होईपर्यंत थांबाल का (१:८-१३). दिराच्या कर्तव्याचा (मेलेल्या भावाच्या विधवेशी लग्न करण्याचा) रस्ता बंद आहे असं ती हिशोबाने सांगतेय. दोघींना तिने आशीर्वाद दिलाय, दोघी रडल्या आहेत. अर्पा सासूचं ऐकते. रूथ ऐकत नाही. 'रूथ आज्ञाधारक' हा शिक्का पहिल्याच प्रकरणात उलटा पडतो.

१:१६-१७ ची शपथ लग्नसमारंभात नवरा-बायकोच्या तोंडी घालतात, तर मूळ प्रसंग आवर्जून आठवून द्या. ही एका विधवेने दुसऱ्या विधवेला घातलेली शपथ आहे, अशा वेळी की दोघींपैकी कोणाकडेही दुसरीला द्यायला काही नाही. तिचा नवरा दोघा भावांपैकी कोणता होता हेसुद्धा आपल्याला ४:१० पर्यंत सांगितलेलं नाही, इतकं हे पुस्तक त्या लग्नाभोवती कमी फिरतं.

दुसऱ्या प्रकरणात माप बघा. शेताच्या कडा आणि सरवा गरीब, परके आणि विधवा यांच्यासाठी सोडायचा हा कायदा आहे (लेवीय १९:९-१०, अनुवाद २४:१९). पण शेताचा मालक आणि नामीच्या नवऱ्याचा नातलग बवाज गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून काढून टाकायला सांगतो, आणि संध्याकाळी झोडून सुमारे एक एफा सातू निघतात (२:१७). एफा म्हणजे साधारण २२ लिटर. नुसत्या सरव्याने एका दिवसात एवढं निघत नाही, म्हणूनच नामी बघताच विचारते की आज कुठे वेचलंस. ३:१५ मधल्या सहा मापांना मात्र एकक दिलेलं नाही. एफा धरले तर १३० लिटर होतात आणि ओढणीतून नेता येत नाहीत. म्हणून बहुतेक जण सआ, म्हणजे एफाचा तिसरा हिस्सा, धरतात.

रूथ खळ्यावर बवाजाकडे जाते त्या रात्रीत एक वाक्य नक्की थांबून वाचा. नामीने सांगितलं होतं, काय करायचं ते तोच तुला सांगेल (३:४). रूथ त्याला सांगू देत नाही. तीच म्हणते, माझ्यावर आपलं पांघरूण घाला, कारण आपण वतन सोडवणारे आप्त आहात (३:९). लग्नाची मागणी आणि नामीच्या शेताचा प्रश्न तिने एका वाक्यात बांधला. कायदा या दोन गोष्टी जोडत नव्हता.

यातून जोड्याचं उत्तर मिळतं. अनुवाद २५:५-१० मध्ये एकत्र राहणारे सख्खे भाऊ आहेत. दीर नकार देतो तेव्हा विधवा स्वतः वडीलधाऱ्यांसमोर त्याचा जोडा काढते, तोंडावर थुंकते, आणि त्याच्या घराला कायमचं नाव पडतं. रूथ ४ मध्ये कोणी दीर नाही, वेशीत दहा वडीलधारे बसलेत पण रूथ तिथे हजरच नाही, बवाजाहून जवळचा एक नातलग शेत सोडवायला नकार देऊन स्वतःचा जोडा स्वतः काढून देतो, आणि ४:७ सांगतं की ही सोडवणूक आणि अदलाबदल पक्की करायची जुनी रीत होती. थुंकणं नाही, बदनामी नाही. हा मुळात लेवीय २५:२५ मधला शेत सोडवायचा व्यवहार आहे, त्याला मृताचं नाव चालवायची जबाबदारी जोडलेली.

तो माणूस आधी हो म्हणतो आणि मग नाही, याला लोक भित्रेपणा म्हणतात. हिशोब करून पाहा. नुसतं शेत घेतलं तर स्वतःच्या पैशाने जमीन वाढली. रूथही आली आणि तिला मुलगा झाला तर शेत त्या मुलाचं, मेलेल्याच्या नावावर. पैसा गेला, जमीन गेली, वर एक घर पोसायचं. स्वतःच्या मुलांचा वाटा कमी होतो, हेच तो ४:६ मध्ये म्हणतो. बवाजाने शेत आधी आणि रूथ नंतर काढली (४:३-५) हा क्रम मुद्दाम साधलेला आहे. तोट्याचं गणित त्यालाही तेच लागू होतं. तरी तो घेतो.

मवाबी बाई हा मुद्दा विसरू नका. अनुवाद २३:३ मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत येऊ देत नाही, एज्रा १० मध्ये परक्या बायका मुलांसकट पाठवून द्यायचं ठरतं, आणि रूथची पणतवंडं मोजली तर दावीद येतो. मिश्नाने (यबामोथ ८:३) बंदी मवाबी पुरुषांपुरती ठेवून वाट काढली.

शेवटच्या प्रकरणात रूथ एकही शब्द बोलत नाही. बोलतात शेजारच्या बायका, आणि ४:१५ मध्ये त्या म्हणतात की ही सून तुझ्यावर प्रेम करते, ती तुला सात मुलांहून अधिक आहे. ज्या पुस्तकात सगळे मुलगा हवा म्हणून धडपडताहेत त्याच्या शेवटी हे म्हटलंय.

रानवारा

चौथ्या आठवड्याबद्दल. होशेय आणि गोमर घ्यायचा मोह होईल. पण ते रूपक आहे, गोमर एकदाही बोलत नाही, आणि तासाभरात गट तिच्या चारित्र्यावर घसरेल. तुम्हाला नेमकं तेच टाळायचंय.

मोकळा आठवडा हन्नेला देता येईल, गणना ३० सोबत वाचून. त्या कायद्याप्रमाणे बायकोने केलेला नवस नवऱ्याने ऐकला त्याच दिवशी रद्द केला तर रद्द होतो, गप्प राहिला तर पक्का. हन्नेने शिलोत मुलगाच देऊन टाकायचा नवस केलाय, नवऱ्याला, एलकानाला, न विचारता. हे माहीत असलं की १ शमुवेल १:२३ मधलं त्याचं 'तुला बरं दिसेल तसं कर' हे साधं वाक्य राहत नाही. मुलगा त्याचाही होता, रोखायचा हक्क त्याला होता, आणि त्याने तो वापरला नाही. मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, असं विचारून त्याने आधी तिचं दुःख ओळखायला कमी केलं होतं (१:८), तोच हा माणूस.

पण माझं मत शौलाची उपपत्नी रिस्पा हिला. २ शमुवेल ३:६-११ आणि २१:१-१४, दोन्ही मिळून वीसच वचनं. मीखलच्या आठवड्याशी थेट जुळतं, कारण घर तेच, शौलाचं. ३ मध्ये ती उपपत्नी म्हणून फक्त भांडणाचं कारण आहे: अबनेर तिच्याकडे गेला हा ईश-बोशेथाचा आरोप, म्हणजे गादीवर हात टाकल्याचा आरोप. तिला कोणी काही विचारत नाही. २१ मध्ये दावीद तिचे दोन मुलगे आणि मेरबेचे पाच, शौलाने ज्यांना मारलं होतं त्या गिबोन्यांच्या हवाली करतो, सातूच्या कापणीच्या आरंभी त्यांना टांगतात, आणि ती खडकावर गोणपाट पसरून दिवसा पाखरं आणि रात्री रानपशू हाकत बसते, थेट आकाशातून पाऊस पडेपर्यंत.

सोबत अनुवाद २१:२२-२३ ठेवा: टांगलेलं प्रेत रात्रभर ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुरायचं. राजाने मोडू दिलेला कायदा ही बाई एकटी, हातात काहीही अधिकार नसताना, पाळायला लावते. पूर्ण मजकुरात तिच्या तोंडी एक शब्द नाही, पण तिने काय केलं हे दावीदाला कळवलं जातं (२१:११) आणि तो याबेश-गिलादाहून शौल-योनाथानाच्या अस्थी आणवतो, टांगलेल्यांच्याही गोळा करवतो.

वाचताना १० व्या वचनावर थांबू नका, १४ पर्यंत जा. तीन वर्षांचा दुष्काळ सात जणांना मारल्यावर मिटला असं बरेच जण सांगतात. मजकूर तसं म्हणत नाही. देवाने देशासाठीची विनवणी ऐकली हे वाक्य १४ मध्ये आहे, अस्थी सेला इथे शौलाचा बाप किश याच्या कबरेत पुरल्यानंतर.